बेटावरील विद्यार्थी आणि जागतिक न्यायालय

वानुआतू हा प्रशांत महासागरातील लहान बेटांचा देश. तेथील शेतकऱ्याचा निर्वाह कोनफळ, अळू व केळी यांवर. मार्च २०१५ मध्ये पॅम चक्रीवादळाने ही पिके उद्ध्वस्त केली. समुद्रही चढत आहे. हवा तापविणारा धूर मात्र बहुतांशी दूरच्या देशांचा!

याचा जाब हेग येथील जागतिक न्यायालयात विचारावा, असे २०१९ मध्ये पोर्ट व्हिला येथे कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी ठरविले. तेथे व्यक्तीस दाद मागता येत नाही. म्हणून त्यांनी बेटांच्या सरकारांना पत्रे लिहिली. युवक मंडळांनी हे ध्यानी घ्यावे. वानुआतू सरकारने विषय उचलून धरला आणि २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव एकमताने संमत केला.

हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असून, कसूर करणारा भरपाईसही पात्र ठरू शकतो, असा अभिप्राय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी दिला. तो सल्ला आहे, हुकूमनामा नव्हे. तथापि देशोदेशींच्या न्यायालयांत तो आधारास घेता येतो.