सीतेच्या न्हाणीपाशी

वेरूळला आजवर किती वेळा गेले, याचा हिशेब आता लागत नाही. लहानपणी आईचे बोट धरून गेले, लग्नानंतर सासरच्या मंडळींबरोबर गेले, लेकीला कडेवर घेऊनही गेले. परंतु या साऱ्या भेटी हिवाळ्यातल्या. त्याला कारण आईचा नियम. चातुर्मासात ती जालन्याची शीव ओलांडीत नाही. पावसाळ्यात भूमीवर असंख्य सूक्ष्म जीव जन्म घेतात, म्हणून मुनिसंघ एका ठिकाणी वर्षायोग करतो. श्रावकाला तेवढे बंधन नाही, पण आईने ते आपणहून स्वीकारले आणि आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ती ते पाळते. त्यामुळे झाले असे, की जैन लेण्यांतली प्रत्येक मूर्ती जिला पाठ आहे, तिने त्याच डोंगरावरून कोसळणारा धबधबा आयुष्यात एकदाही पाहिलेला नाही. तो पावसाळ्यातच असतो. मार्गशीर्षात आम्ही जात असू तेव्हा तेथे कातळावर एक काळपट पट्टा आणि खाली हिरवट पाण्याचा डोह, एवढेच उरलेले असे.

यंदा श्रावणात लेकीने धबधब्याचा हट्ट धरला. निघण्यापूर्वी आईला दूरध्वनी केला. ती रागावेल असे वाटले होते. ती एवढेच म्हणाली, “जा. माझ्या वाटणीचंही बघून ये. पण शेवाळावर पाय देऊ नकोस गं.”

वाचकांपैकी ज्यांनी पावसाळ्यातले वेरूळ पाहिले आहे, त्यांना ही अट किती कठीण आहे ते सांगावयास नको. तेथे पायरी हिरवी, भिंत हिरवी, दगडादगडाच्या सांध्यांतून हिरवा मखमली धागा गेलेला. आपल्या शास्त्रांनी अशा वनस्पतीला साधारण वनस्पतिकाय म्हटले, एका शरीरात अनंत जीव सांगितले. हे पाठशाळेत पाठ केले होते. पाऊल कोठे टेकावे या प्रश्नाच्या रूपाने ते प्रथमच समोर आले.

येळगंगा ही तशी लहानशी नदी. म्हैसमाळच्या बाजूने ती येते, पुढे शिवना नदीला मिळते आणि तिच्यातून गोदावरीला. एकोणतिसाव्या लेण्याजवळ, ज्याला धुमार लेणे म्हणतात, ती डोंगराच्या कड्यावरून खाली उडी घेते. या जागेला सीतेची न्हाणी म्हणतात. आम्ही पोहोचलो तेव्हा नुकतीच एक सर येऊन गेली होती. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचे, आणि आवाज असा की शेजारी उभ्या लेकीचे बोलणे ऐकू येईना. कितीतरी तरुण मंडळी ओल्या कातळावर चढून छायाचित्रे काढीत होती. मला त्यांची भीती वाटत होती. तेथे पाय घसरला तर सावरावयास काही नाही. आम्ही मात्र अटीने बांधलेलो, म्हणून फरसबंद वाटेवरच थांबलो. जवळ जाता आले नाही, म्हणून नजर पाण्यावरून दगडाकडे वळली. हा त्या अटीचा लाभच म्हणावयाचा.

धबधब्याच्या दोन्ही अंगांना कडा थराथराने रचलेला दिसतो. हे थर लाव्हारसाचे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त रस पुन:पुन्हा बाहेर पडून पसरत गेला. एक पूर निवावा, त्यावर काही काळ जावा, मग दुसरा यावा. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा काळा पाषाण पसरलेला आहे; आपली घरे, शेते, देवळे त्याच्याच पाठीवर उभी आहेत. सर्व थर सारख्या जातीचे नाहीत. काही घट्ट, एकजीव. काही सच्छिद्र, कारण निवताना वायूचे बुडबुडे त्यांत अडकले. पुढे या पोकळ्यांत स्फटिक तयार झाले, ज्यांना आपण गारगोट्या म्हणून लहानपणी खिशात भरीत असू. ठिसूळ थर पाणी लवकर खाते, घट्ट थर तसाच पुढे डोकावत राहतो. धबधब्याची पायरी अशीच घडते.

लेणी कोरणाऱ्यांना हे शास्त्र पुस्तकातून ठाऊक नव्हते, पण हाताला ठाऊक होते. दोन किलोमीटरांच्या या कड्यात त्यांनी एकजीव थर हेरले आणि दगडातल्या नैसर्गिक चिरांचा उपयोग करून पाषाण फोडला. अडचण एवढीच, की ज्या चिरा छिन्नीला वाट देतात त्याच पाण्यालाही देतात.

ही गोष्ट पुढे जैन लेण्यांत डोळ्यांनी दिसली. तिसाव्यापासून चौतिसाव्यापर्यंतची ही लेणी नवव्या-दहाव्या शतकांतली, मुख्य गर्दीपासून दूर, त्यामुळे पावसाळ्यातही निवांत. बत्तिसाव्या इंद्रसभेत समोरासमोर पार्श्वनाथ आणि बाहुबली. बाहुबलींच्या अंगावर कोरलेल्या वेली आहेत. आणि यंदा भिंतीवरून खाली उतरलेला खऱ्या ओलीचा एक ओघळही मला दिसला. छतावरच्या प्राचीन रंगांचे जे काही अवशेष उरले आहेत, त्यांच्याकडे पाहताना मग मन शांत राहीना. बाहेर ज्या पाण्याने आम्हांला मोहविले, तेच येथे थेंबाथेंबाने आत शिरते.

याच लेण्याजवळ कड्यात एक तांबूस-तपकिरी पट्टा आहे. इतकी वर्षे त्याच्या शेजारून गेले, पण तो कधी नीट पाहिला नव्हता. लाव्हारस ज्या वाटेने वाहिला ती ही वाट. अति उष्णतेने तिचा रंग असा झाला. घृष्णेश्वराच्या देवळाचा तांबडा दगड याच जातीचा. लेक त्याला हात लावून म्हणाली, “आई, म्हणजे हा अग्नी होता, मग पृथ्वी झाला?” पाच स्थावरांची नावे ती आजीकडून शिकली आहे. आणखी काही उत्तर द्यावे असे मला सुचले नाही.

रात्री आईला पुन्हा दूरध्वनी केला. तिचा पहिला प्रश्न धबधब्याचा नव्हता.

“शेवाळावर पाय पडला का?”

“पडला. एकदा. इंद्रसभेच्या पायरीवर.”

“आज प्रतिक्रमण कर मग.” थोडा वेळ ती गप्प राहिली. “आणि आता सांग, पाणी कसं पडतं?”

मी सांगितले. किती उंचावरून, कोणत्या रंगाचे, कसा आवाज, किती धारा. ती मध्ये मध्ये हुंकार देत राहिली. मग त्या तांबूस दगडाचे सांगितले, तेव्हा मात्र तिने मला थांबविले.

“बत्तिसाव्याजवळ? मला कसा दिसला नाही? मार्गशीर्षात जाऊ तेव्हा दाखव.”