रक्तस्राव-विकारग्रस्त नवजात बालकाची सुंता : परंपरा व वैद्यकीय व्यवस्थापन

प्रस्तावना :

सुंता हा यहुदी व मुस्लिम समाजांतील प्राचीन संस्कार होय. यहुदी धर्मशास्त्रानुसार तो मुलाच्या जन्मापासून आठव्या दिवशी केला जातो. कोकणातील बेने इस्राएल समाजानेही ही प्रथा जपली आहे. मुस्लिम समाजात वयाचा एकच दंडक नाही. अमेरिकेत धर्माशी संबंध नसलेल्या अनेक कुटुंबांतही प्रसूतीनंतर लगेच ही शस्त्रक्रिया करण्याची रूढी आहे. निरोगी बालकाची ही जखम सहसा लवकर भरून येते. मात्र ज्याच्या रक्तात गोठण्याची क्षमता अपुरी आहे, त्याच्यासाठी हीच लहान शस्त्रक्रिया प्राणघातक ठरू शकते. तीन किलो वजनाच्या नवजात बालकाच्या शरीरात एकूण रक्त सुमारे पाव लिटरच असते. त्यामुळे लंगोट वारंवार भिजवणारा स्राव मोठ्या माणसाच्या दृष्टीने किरकोळ वाटला, तरी बालकाच्या दृष्टीने तो मोठी हानी असतो. अशा बालकाच्या बाबतीत निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

या धोक्याची जाणीव आधुनिक वैद्यकाहून फार जुनी आहे. ज्या मातेचे दोन पुत्र सुंतेमुळे दगावले, तिच्या तिसऱ्या पुत्राची सुंता करू नये, असे मत तालमूदमध्ये इ. स. दुसऱ्या शतकातील धर्मगुरू यहुदा हानासी यांच्या नावे नोंदलेले आहे. शिमोन बेन गमलिएल यांच्या मते ही सूट चौथ्या पुत्रापासून द्यावी. तेथेच चार बहिणींचा वृत्तान्त येतो. तिघींचे पुत्र सुंतेनंतर दगावले, तेव्हा चौथीला आपल्या मुलाची सुंता न करण्यास सांगण्यात आले. बाराव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ व वैद्य मायमोनिदीस यांनी हा नियम स्पष्ट करताना मृत मुलांचे पिते वेगवेगळे असले तरी तो लागू होतो, असे म्हटले. दोष मातृकुळातून येतो, हे जनुकांची कल्पनाही नसलेल्या काळात निरीक्षणाने ओळखले गेले होते. पुढे १८०३ मध्ये फिलाडेल्फियाचे जॉन कॉनराड ऑटो यांनी अशाच एका कुटुंबाचे वैद्यकीय वर्णन प्रसिद्ध केले.

विकारांचे स्वरूप :

हिमोफिलिया ‘अ’ मध्ये रक्त गोठवणारा आठवा घटक, तर हिमोफिलिया ‘ब’ मध्ये नववा घटक कमी असतो. पहिला प्रकार जन्मणाऱ्या सुमारे ५,००० मुलांपैकी एकास, तर दुसरा सुमारे ३०,००० मुलांपैकी एकास आढळतो. दोन्हींचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने वाहक मातेच्या प्रत्येक पुत्रास विकार होण्याची शक्यता निम्मी असते. मात्र सुमारे एक-तृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात पूर्वी कोणालाही हा विकार झालेला नसतो. अशा बालकाचा विकार सुंतेच्या वेळीच प्रथम उघडकीस येऊ शकतो.

के जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा रक्तस्राव मात्र निराळा होय. तो प्रामुख्याने जन्मानंतर दुसऱ्या ते सातव्या दिवसांत दिसतो व जन्मतःच दिलेल्या के जीवनसत्त्वाच्या मात्रेने टाळता येतो. ही मात्रा आवश्यकच आहे. परंतु तिने हिमोफिलिया बरा होत नाही. हा भेद पालकांना समजावून सांगणे अगत्याचे आहे.

व्यवस्थापनाचे टप्पे :

१. कौटुंबिक इतिहास : मातेच्या भावाला, वडिलांना अथवा मावशीच्या मुलाला दात काढताना, पडल्यावर किंवा सुंतेनंतर रक्त न थांबल्याचा अनुभव आहे काय, हे विचारावे. केवळ पितृकुळाची चौकशी अपुरी ठरते. बालकाच्या नाळेतून किंवा सुई टोचलेल्या जागेतून रक्त वाहत राहिले का, हेही पाहावे.

२. रक्ततपासणी : शंका असल्यास प्रसूतीच्या वेळीच नाळेतील रक्ताचा नमुना घेता येतो, त्यासाठी बालकाला इजा करावी लागत नाही. आठव्या घटकाची पातळी जन्मतःही प्रौढांइतकी असल्याने हिमोफिलिया ‘अ’ चे निदान बहुधा लगेच होते. नववा घटक मात्र सर्वच नवजातांत कमी असतो. म्हणून सौम्य हिमोफिलिया ‘ब’ ची तपासणी काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते. तेराव्या घटकाची उणीव नेहमीच्या चाचण्यांत दिसतच नाही. तिच्यासाठी स्वतंत्र चाचणी लागते.

३. स्थगिती : निदान निश्चित होईपर्यंत सुंता पुढे ढकलणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. यहुदी धर्मशास्त्रातही जिवाला धोका असताना विलंबास मान्यता आहे. त्यामुळे स्थगिती म्हणजे संस्काराचा अव्हेर, असा समज अनाठायी ठरतो.

४. नियोजित शस्त्रक्रिया : कुटुंबाने सुंतेचा निर्णय घेतल्यास ती घरी किंवा लहान दवाखान्यात न करता रक्तविकारतज्ज्ञ व तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात करावी. शस्त्रक्रियेपूर्वी उणा असलेला घटक शिरेतून देऊन त्याची पातळी वाढवितात व जखम भरेपर्यंत ती राखतात. गुठळी टिकवून धरणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल व जखमेवर लावावयाचा फायब्रिन गोंद यांचाही उपयोग होतो. सुरुवातीस थांबलेला स्राव काही दिवसांनी पुन्हा सुरू होऊ शकतो. म्हणून नंतरची देखरेख महत्त्वाची.

५. प्रतिपिंडांचा धोका : तीव्र हिमोफिलिया ‘अ’ असलेल्या सुमारे ३० टक्के रुग्णांच्या शरीरात बाहेरून दिलेल्या घटकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात व उपचार निष्प्रभ होऊ लागतो. हा धोका पहिल्या काही मात्रांच्या काळात अधिक असतो. जीवनावश्यक नसलेल्या शस्त्रक्रियेसाठी कोवळ्या वयात घटकाचा भडिमार करावा काय, हा प्रश्न यामुळे गंभीर होतो. २०१७ पासून वापरात आलेले एमिसिझुमॅब हे त्वचेखाली दिले जाणारे औषध रक्तस्राव टाळण्यास उपयुक्त असले, तरी शस्त्रक्रियेसाठी केवळ त्याच्यावर विसंबता येत नाही.

सामाजिक बाजू :

मूल दगावले की दोष अनेकदा संस्कार करणाऱ्यावर किंवा मातेवर येतो. वस्तुतः वाहक माता दोषी नसते. तिला आपल्या रक्तातील या उणिवेची कल्पनाही नसते. माहेरच्या एखाद्या मृत मामाची आठवण मात्र घरातील वृद्ध स्त्रियांपाशी असू शकते. ती आठवण वैद्याच्या कानी वेळेवर जाणे हीच निदानाची पहिली पायरी होय. मुंबईतील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा विकारांच्या निदानाचे कार्य चालते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्येही हिमोफिलियाचा समावेश आहे.

समारोप :

सुंता करावी की नाही, हा निर्णय कुटुंबाचा. ती केव्हा व कोठे करावी, हा मात्र वैद्यकाचाही विषय आहे. तालमूदचा नियम दोन अथवा तीन मृत्यूंनंतर लागू होत असे, कारण तेव्हा मृत्यूखेरीज दुसरी चाचणी उपलब्ध नव्हती. आज योग्य प्रश्न व थोडेसे रक्त यांतून तेच ज्ञान पहिल्या बालकाच्या बाबतीतही मिळू शकते. ते मिळेपर्यंत थांबण्याची तयारी कुटुंब, धर्मगुरू व डॉक्टर या तिघांनीही ठेवणे, यातच बालकाचे हित आहे.