आसरा देणाऱ्यांचा तास

17 सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं. 1948 साली याच तारखेला निजामाची राजवट संपली. त्याआधी बरोबर नऊ वर्षं, 17 सप्टेंबर 1939 ला, सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या होत्या. पुढे लाखो पोलिश माणसं सायबेरिया-कझाकस्तानात हाकलली गेली आणि त्यांतली काही हजार इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोचली. लातूर जिल्ह्यातल्या चाकूरला इतिहास शिकवत होतो तेव्हा दर मुक्तिदिनी या दोन्ही तारखा मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचो.

यंदा झेंडावंदनानंतर नववीतला एक मुलगा मला म्हणाला, "सर, आपल्याला हिटलरसारखा शिस्तीचा माणूस पाहिजे होता." हिटलरच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर त्याने एसटी स्टँडवरून घेतलं होतं. मुलगा वाचणारा आहे, हुशार आहे. पण ज्यूंना वाचवणाऱ्या एकाही माणसाचं नाव त्याच्या कानावर कधी पडलेलं नव्हतं. ते मला फार लागलं.

माझी नोकरीची पहिली वर्षं सनावळ्या पाठ करून घेण्यात गेली, त्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. शिकवणं खरं सुरू झालं ते 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर. घर गेलं, माणसं गेली म्हणजे काय होतं हे आमच्या मुलांना समजावून सांगावं लागत नव्हतं. कुठकुठली अनोळखी माणसं भाकरी-कपडे घेऊन आली, हे त्यांनी पाहिलं होतं. पुढची दहाएक वर्षं मी महायुद्धाच्या धड्यात हिटलरला एक तास आणि वाचवणाऱ्यांना तीन तास दिले.

मंगला निगुडकरांनी मराठीत आणलेली अ‍ॅन फ्रँकची डायरी वर्गात फिरायची. फ्रँक कुटुंबाला दोन वर्षं लपवून जगवणारी आणि मागे राहिलेली पानं जपून ठेवणारी मीप गीस मुलांना अ‍ॅनइतकीच आवडायची. चिउने सुगिहारा हा जपानी अधिकारी 1940 च्या उन्हाळ्यात लिथुआनियातल्या कौनासला होता. टोकियोचा नकार असतानाही तो हाताने व्हिसा लिहीत राहिला आणि हजारो ज्यू निसटले. वॉर्सात ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून मुलं बाहेर काढणारी इरेना सेंडलर मला उशिरा कळली. 1999 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या युनियनटाउन या लहानशा गावच्या शाळकरी मुलींनी तिचा शोध घेतला, तिच्यावर नाटुकलं बसवलं, आणि मगच जगाला ती नीट माहीत झाली. चाकूरच्या मुलींनाही असं काम जमलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

मग वळिवडे. 1943 ते 1948 या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश स्त्रिया, मुलं, म्हातारी माणसं राहिली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत. बहुतेक कॅथलिक, थोडे ज्यू. नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीही 1942 मध्ये जामनगरजवळच्या बालाचडीला पोलिश अनाथ मुलांना ठेवून घेतलं. वळिवड्याची छावणी रिकामी झाल्यावर तिथे सिंधी निर्वासित आले. आजचं गांधीनगर ते हेच.

यानंतर मी गृहपाठ द्यायचो: निजामाच्या बाजूने अत्याचार करणाऱ्या रझाकारांच्या वेळी आपल्या घराला कोणी आसरा दिला आणि आपण कोणाला दिला, हे आजी-आजोबांना विचारून या. बार्शी-सोलापूरकडे पळालेल्यांच्या हकिकती यायच्या. एका मुलीच्या पणजीला मुसलमान शेजाऱ्याने बळदात लपवलं होतं. दुसऱ्या एका घराने 1948 ला भारतीय लष्कराने केलेल्या पोलीस ॲक्शननंतर मुसलमान बायका-पोरांना माळवदावर ठेवून दारात काठ्या घेऊन पहारा दिला होता. अहमदपूर-उदगीर भाग तेव्हा बीदर जिल्ह्यात होता. पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांच्या सर्वाधिक हत्या झालेल्या चार जिल्ह्यांत, या हत्यांची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने बीदर धरला आहे. जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्याच अहवालात आहे.

हा गृहपाठ काहींना खुपला. "जुनं उकरून काढू नका," असं मला सांगण्यात आलं. पणजीचं बळद चालायचं, माळवदावरचा पहारा चालायचा नाही. मुक्तिदिनाच्या भाषणांत आजही अर्धीच हकिकत सांगतात. पहारा देणारी ती माणसंही आपलीच होती, त्यांनी केलं ते धाडसाचं होतं. त्यांचं नाव घ्यायला आपण का बिचकतो?

पुढे परीक्षेतल्या गुणांसाठी कसून सराव घेणाऱ्या लातूर पॅटर्नचा जोर वाढला. इतिहासाचा तास गणित-विज्ञानाच्या सरावाला जाऊ लागला. 2018 मध्ये दहावीचं इतिहासाचं पुस्तक बदललं. त्यात इतिहासलेखन, उपयोजित इतिहास, खेळ, पर्यटन आहे, महायुद्धाचा धडा नाही. तो अकरावी-बारावीला कला शाखेच्या मुलांपुरता उरला, आणि आमची हुशार मुलं कला शाखेकडे फिरकतही नाहीत. शाळेबाहेरही तेच. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान वॉर्सातल्या जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या स्मारकांपाशी गेले. वॉर्सात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे. इथे ती बातमी दोन दिवस फोटोंतून फिरली आणि विरली.

1948 साली दहा वर्षांची असलेली माणसं आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. चाकूर, अहमदपूर, उदगीरच्या शिक्षकांना माझं सांगणं आहे: पुस्तकात धडा येण्याची वाट पाहू नका. या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना वही देऊन या माणसांकडे पाठवा, आणि कोणी कोणाला वाचवलं, ते दोन्हीकडचं, नावानिशी लिहून घ्या.