नकाराधिकाराची सुधारणा आणि गोवामुक्तीचा दाखला

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतील नकाराधिकार अन्यायकारक आहे, असे मत आपल्याकडील अभ्यासक्रमांतून सर्रास मांडले जाते. सनदेच्या कलम २७ नुसार कार्यपद्धतीविषयक बाबी वगळता कोणताही निर्णय होण्यास एका कायम सदस्याचाही विरोध असून चालत नाही. कायम सदस्याची तटस्थता मात्र प्रघातानुसार नकाराधिकार मानली जात नाही. या व्यवस्थेचा विचार करताना १८ डिसेंबर १९६१ चे मतदान विसरता येणार नाही.

भारतीय सैन्य गोव्यात शिरताच पोर्तुगालने परिषदेकडे धाव घेतली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांनी मांडलेल्या ठरावात युद्धबंदी आणि भारतीय सैन्याची माघार यांची मागणी होती. परिषदेत तेव्हा ११ सदस्य असत आणि संमतीस ७ मते लागत. ठरावास नेमकी ७ मते मिळाली. सोव्हिएत संघ, श्रीलंका (तत्कालीन सिलोन), लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक हे चौघे विरोधात गेले. म्हणजे साध्या मतमोजणीत ठराव संमत होता. तो अडला केवळ सोव्हिएत नकाराधिकाराने. दुसऱ्याच दिवशी पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. ठराव संमत होऊनही सैन्य माघारी आले असते असे नाही. परंतु वसाहतमुक्तीच्या कृतीवर आक्रमणाचा शिक्का बसला असता.

आजच्या सूचना या दाखल्यावर घासून पाहाव्यात. किमान दोन कायम सदस्यांचा विरोध असेल तरच ठराव अडावा, ही सूचना वरकरणी समंजस वाटते. तो नियम १९६१ मध्ये असता तर सोव्हिएत संघ एकटा पडला असता, कारण चीनची जागा तेव्हा तैवानस्थित सरकारकडे होती. याउलट सामूहिक अत्याचारांच्या प्रसंगी नकाराधिकार वापरू नये, ही फ्रान्स व मेक्सिकोची २०१५ ची भूमिका गोव्यासारख्या प्रकरणास बाधा आणत नाही.

सदस्यसंख्या वाढविणे त्यामानाने सोपे ठरले. १९६५ पासून परिषद १५ सदस्यांची झाली व ९ मते आवश्यक ठरली. नकाराधिकाराला मात्र कलम १०८ चे कवच आहे. सनददुरुस्तीस पाचही कायम सदस्यांची मान्यता लागते. म्हणूनच २६ एप्रिल २०२२ च्या आमसभेच्या ठरावाने सनदेस हात न लावता वेगळी वाट काढली. नकाराधिकार वापरला गेल्यास दहा कामकाजी दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा होते. हा अंकुश नैतिक आहे, कायदेशीर नव्हे. १९६१ मध्ये तो असता तर खुलासा सोव्हिएत संघाला द्यावा लागला असता, आणि वसाहतवादाविरुद्ध नुकताच, १९६० मध्ये, जाहीरनामा काढणाऱ्या आमसभेत तो देणे त्याला फारसे जड गेले नसते.