टोपीच्या पिस्तुलाची किल्ली

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या आणि टाउन हॉलमधल्या संग्रहालयांत जुनी शस्त्रे पाहणाऱ्यांचे डोळे नळीवर नाहीतर मुठीच्या नक्षीवर खिळतात. मी आधी स्क्रू बघतो. खाच कोरी असेल तर हत्यार जाणत्याने खोललेले; ओठ फाटलेले असतील तर कुणीतरी दुकानातला पेचकस घातलेला.

टोपीच्या पिस्तुलाला पेचकसाखेरीज आणखी एक अवजार लागते: किल्ली. 1807 मध्ये स्कॉटलंडचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी ठोक्याने पेटणाऱ्या रसायनाच्या चापाचे पेटंट घेतले. पुढे असे रसायन भरलेली तांब्याची टोपी आली आणि तोडा, गारगोटी मागे पडली. टोपी बसते त्या पोकळ बोंडीला निपल म्हणतात. काळ्या दारूचा मळ ओलावा ओढतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो तसाच राहिला तर निपल आट्यांतच गंजून बसते. म्हणून ती काढून धुवायची आणि त्यासाठीच ही बोटभर किल्ली. कोल्टच्या 1851 च्या रिव्हॉल्व्हरच्या किल्लीला एका टोकाला निपलचे तोंड, दुसऱ्याला पेचकस. पेटीत सोबत गोळ्यांचा साचा आणि दारूची कुपी असे. किल्ली ढिली बसली तर निपलचे कोपरे झिजतात. मग ती किल्लीलाही दाद देत नाही.

पेचकसाचेही तसेच. दुकानातले पाते पाचरीसारखे निमुळते असते, जोर दिला की वर सरकते. जुन्या स्क्रूची खाच अरुंद, सरळ भिंतींची. पाते त्या खाचेपुरते कानशीने घासावे लागते, कधी एकेका स्क्रूसाठी वेगळे. चापाची दुमडलेली स्प्रिंग काढायलाही छोटा शिकंजा लागतो: घोडा चढवून स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत धरायची, घोडा उतरवायचा, मग ती अलगद उचलायची. पक्कडीने ओढली तर तुटते, आणि तशी स्प्रिंग पुन्हा घडवणे म्हणजे पाणी देण्यापर्यंतचे काम.

कोल्हापूरच्याच शिवाजी उद्यमनगरातल्या कुशल हातांना ही अवजारे करणे मुळीच अवघड नाही. अडचण नमुन्याची आहे. पिस्तुले काचेआड जपली जातात. किल्ल्या मात्र बिनकामाचे लोखंड समजून भंगारात जातात.

आजोबांच्या पेटीत अशी चौकोनी तोंडाची किल्ली किंवा कात्रीसारखा साचा सापडला, तर किलोवर घालू नका. आधी संग्रहालयात नेऊन दाखवा.