उशिरा उघडलेली गुपितं

गुप्तलिपी आणि हेरगिरीवरच्या पुस्तकांची १९७४च्या आधीची आणि नंतरची अशी सरळ वाटणी करता येते.

आधीच्या काळात मैदान कथाकारांचं होतं. एडगर ॲलन पोच्या 'द गोल्ड बग'मध्ये (१८४३) चाच्यांच्या खजिन्याचा ठावठिकाणा आकड्यांत आणि खुणांत लिहिलेला आहे. नायक आधी कोणती खूण किती वेळा आली ते मोजतो. '८' सगळ्यांत जास्त. इंग्रजीत सगळ्यांत जास्त लागणारं अक्षर 'ई'. म्हणजे ८ हाच ई. तिथून एकेक अक्षर सुटत जातं. साठ वर्षांनी शेरलॉक होम्सनं नाचणाऱ्या माणसांची चित्रलिपी याच हिशेबानं सोडवली.

खऱ्या लिपीफोड्यांना मात्र तोंड उघडायची सोय नव्हती. हर्बर्ट यार्डलीनं ते धाडस केलं. वॉशिंग्टनच्या नौदल परिषदेच्या वेळी अमेरिका जपानच्या तारा वाचत होती, हे त्यानं १९३१च्या 'द अमेरिकन ब्लॅक चेंबर'मध्ये जगजाहीर केलं. जपानमध्ये पुस्तक हातोहात खपलं. त्याच्या पुढच्या पुस्तकाचं हस्तलिखित अमेरिकी सरकारनं जप्त केलं. डेव्हिड कानचं 'द कोडब्रेकर्स' (१९६७) हजारावर पानांचं, आजही आधारग्रंथ म्हणावा असं. पण ब्रिटनच्या ब्लेचली पार्क या लिपीफोड केंद्रात जर्मनांचं एनिग्मा हे गुप्तलिपी यंत्र कसं फोडलं, ती हकिगत त्या पहिल्या आवृत्तीत नाही. दुसरं महायुद्ध संपून बावीस वर्षं झाली होती, तरी ब्रिटननं चकार शब्द काढला नव्हता.

१९७४ मध्ये एफ. डब्ल्यू. विंटरबॉथमचं 'द अल्ट्रा सीक्रेट' आलं आणि बांध फुटला. पुस्तक म्हणून ते कच्चंच. कागदपत्रं हाताशी नसताना आठवणीवर लिहिलेलं, आणि १९३२ मध्येच एनिग्माचा भेद करणाऱ्या मारियान रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञाला न्याय न देणारं. पण बाकीच्यांना वाट मिळाली. अँड्र्यू हॉजेसनं १९८३ मध्ये लिहिलेलं, ब्लेचली पार्कमधल्या ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाचं चरित्र हे त्यातलं सर्वांत भक्कम काम.

माझी पसंती मात्र लिओ मार्क्सच्या 'बिट्वीन सिल्क अँड सायनाइड'ला. वडिलांचं लंडनमध्ये जुन्या पुस्तकांचं दुकान. आठ वर्षांच्या लिओला त्यांनी पोचं ते पुस्तक दाखवलं, आणि पोरानं लगेच दुकानातल्या पुस्तकांवर पेन्सिलीनं टाकलेल्या किमतींच्या गुप्त खुणाच फोडल्या. युद्धात तो शत्रूच्या मुलखात उतरवलेल्या हेरांच्या लिपी सांभाळत होता. जीव मुठीत धरून संदेश लिहिणाऱ्यांच्या हातून चुका होतात, अक्षरं उलटसुलट होतात. हॉलंडचे संदेश मात्र बिनचूक येत. मार्क्सला नेमकं तेच खटकलं: ही माणसं पकडली गेली असणार, आणि लिहिणारे निवांत बसून लिहीत असणार. वरिष्ठांनी कानाडोळा केला. पॅराशूटनं उतरणारे हेर थेट जर्मनांच्या हाती पडत राहिले. ही चरफड त्यानं अशा तिरकस विनोदानं लिहिली आहे की हसू येतं आणि मग आपलीच लाज वाटते.

ऐंशीच्या दशकात लिहून तयार असलेलं हे पुस्तक छापून यायला १९९८ साल उजाडलं. मार्क्स २००१ मध्ये वारला.