डब्याचा हिशोब आणि खोलीतली हवा

रंगाच्या डब्यावर ‘लो व्हीओसी’ छापलेलं दिसलं, की हा रंग घरातल्या माणसांच्या फुप्फुसांचा विचार करून बनवलाय असं आपण धरून चालतो. पण व्हीओसीची, म्हणजे रंगातून उडणाऱ्या सेंद्रिय संयुगांची, मोजणी सुरू झाली ती घराबाहेरच्या हवेसाठी. लॉस एंजेलिसच्या धुरक्याला आळा घालायला दक्षिण कॅलिफोर्नियाच्या हवा-नियंत्रण यंत्रणेने 1977 मध्ये ‘नियम 1113’ आणला. ही संयुगं उन्हात ओझोन तयार व्हायला हातभार लावतात, म्हणून दर लिटरमागे ती किती ग्रॅम असावीत याची मर्यादा ठरली. ओझोन फारसा न बनवणारं असिटोनसारखं द्रावक या मोजणीतून वगळलं गेलं. बंद खोलीत त्याचा वास येतो, तरीही.

1993 मध्ये अमेरिकेतल्या ‘ग्रीन सील’ संस्थेचं जीएस-11 मानक आलं: घरातल्या मॅट रंगाला लिटरमागे 50 ग्रॅम, चमक असलेल्याला 150. पुढे ‘लीड’ या हरित इमारत मानांकनाने साध्या रंगांसाठी हेच आकडे घेतले. वॉर्निश, सीलर वगैरेंसाठी नियम 1113 कडे बोट दाखवलं. हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला 2003 मध्ये लीडचं प्लॅटिनम मानांकन मिळालं आणि ही भाषा आपल्याकडच्या वास्तुविशारदांच्या कागदपत्रांत रुळली.

साध्या इमल्शनचं वर्गीकरण सोपं होतं. अडचण आली ती खास लेपांची: धातूच्या झळाळीचे, संगमरवरी भास देणारे, मार्करने लिहून पुसता येणारे. नियम 1113 मध्ये भास देणाऱ्या लेपांना 350 ग्रॅमची सूट होती, तर चमकदार साध्या रंगाची मर्यादा 2006 पासून 50 वर आली. म्हणजे लेप कोणत्या रकान्यात बसवायचा, यावर पास-नापास ठरू लागलं. लिहून पुसायचा लेप बहुतेकदा दोन घटकांचा आणि टणक असतो, म्हणून त्याला ‘औद्योगिक देखभालीचा लेप’ म्हणण्याचा मोह होतो. पण तो वर्ग रसायनांचा मारा, सततची घासाघीस अशा कठोर परिस्थितीसाठी आहे, आणि कार्यालयं व बैठकीच्या खोल्या त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. हे लेप लागतात नेमके तिथेच! वर्ग लेपाच्या वापरावरून ठरला पाहिजे, हा यातला पहिला धडा.

दुसरा धडा त्याहून मोलाचा. डब्यात किती आहे यापेक्षा भिंतीवरून किती सुटतं, हे मोजायला हवं. सॅक्रामेंटोतल्या सरकारी इमारतींच्या प्रकल्पासाठी ‘कलम 01350’ तयार झालं, आणि त्यातून कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याची चाचणीपद्धत घडली. नमुना लहानशा बंद कक्षात ठेवायचा, हवा खेळती ठेवायची आणि चौदाव्या दिवशी फॉर्माल्डिहाइडसारखी एकेक संयुगं मोजून वर्गखोली किंवा कार्यालयात त्यांचं प्रमाण किती होईल याचं गणित मांडायचं. 2013 च्या लीड व्ही-4 ने डब्यातल्या प्रमाणासोबत ही उत्सर्जन चाचणीही मागितली. इथे लेपाला नाव काहीही द्या, कक्षातली हवा एकच उत्तर देते.

तरीही चाचणी पूर्ण लेपाची हवी. प्रायमर, मुख्य थर आणि वरचं पारदर्शक आवरण मिळून भिंत होते. त्यातल्या एकाच्याच प्रमाणपत्रावर विसंबणं म्हणजे अर्धा हिशोब. शिवाय व्हीओसीचा आकडा शिशाबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगांत 90 पीपीएमची वेगळी कायदेशीर मर्यादा आहे.

दिवाळीआधी घराला रंग द्यायचा असेल, मुलांच्या खोलीत लिहिण्याची भिंत करायची असेल, तर दुकानदाराकडे दोन गोष्टी मागा: प्रत्येक थराचा ग्रॅममधला आकडा आणि उत्सर्जन चाचणीचं प्रमाणपत्र. दुसरा कागद मिळाला नाही, तर नुसत्या ‘लो व्हीओसी’वर विश्वास ठेवू नका.